लिंक गेली हे कळतं कसं?

मंडळी, आपल्या वऱ्हाडात गेल्या वीसेक वर्षांत एक नवं वाक्य रुजलं. बँकेत ऐका, सेतूमध्ये ऐका, रेशनच्या दुकानात ऐका: "लिंक नाई जी." हे ऐकलं की माणूस वाद घालत नाही. पाऊस नाही म्हटल्यावर कोणाशी वाद घालणार? तसंच ते. खाली बसतो, नाहीतर उद्या येतो म्हणतो.

पण आपल्या सेवा केंद्रांमध्ये, अकोल्यात असो की इथं बार्शीटाकळीत, आता बहुतेक ठिकाणी एकाऐवजी दोन वाटा असतात. एक फायबरची, डब्यातून वायफायनं येणारी. दुसरी मोबाइलच्या हॉटस्पॉटची. खरिपाच्या पीकविम्याची मुदत बहुतेक वर्षी ३१ जुलैला संपते. त्या दिवशी रांग दाराबाहेर, आणि नेमकी फायबरची लिंक जाते. समोरच्या संगणकावर वायफायचे पट्टे मात्र पूर्ण भरलेले. संगणक त्या मेलेल्या वाटेवर शांत बसून राहतो. शेजारी मोबाइलची वाट जिवंत आहे, तिचा पासवर्डही त्याला ठाऊक आहे, पण तो तिकडे जात नाही. चालवणाऱ्या मुलानं हातानं बदल करायचा, तोवर अर्ज शेवटच्या पानावर गोल गोल फिरत राहिलेला. सातबारा, पासबुक, आधार, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मग प्रश्न येतो: हा संगणक आपणहून वाट का बदलत नाही? प्रश्न तंत्राचा दिसतो. माझं म्हणणं असं की त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याच्या गाभ्याला तत्त्वज्ञानातला एक जुना वाद आहे. एखादी वस्तू नाही, हे ज्ञान आपल्याला होतं कसं?

आधी एक घोळ सोडवू. आपण 'कनेक्टेड' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. संगणकापासून भिंतीवरच्या डब्यापर्यंत दहा-वीस फुटांचं नातं, हा एक अर्थ. त्या डब्यापासून अकोला, मुंबई आणि पुढं जगापर्यंतचं नातं, हा दुसरा. वायफायचे पट्टे फक्त पहिल्याबद्दल बोलतात. रस्ता खोदणाऱ्या यंत्रानं गावाबाहेर केबल तोडली तरी डबा जोरात साद घालतच राहतो, कारण त्याला वीज आहे आणि त्याचा आवाज शाबूत आहे. संगणक म्हणतो, डबा दिसतोय ना, मग झालं. १९९७ साली वायफायचं पहिलं प्रमाणक ठरलं, ते या जवळच्या नात्यापुरतं. पुढचं जग आहे की नाही, हे पाहणं त्याचं काम कधी नव्हतंच.

आता मागं जाऊ. मुंबई आणि कलकत्ता हे १८५४ मध्ये आग्र्यामार्गे तारेनं जोडले गेले. वऱ्हाडातून जाणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि रुळांच्या बाजूनं तारेचे खांब आले. का आले? कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं, १८६१ ते १८६५, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंबहून खामगावला जाणाऱ्या छोट्या रेल्वेफाट्याचं उद्घाटन केलं. चार कोसांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून खामगावच्या कापूसबाजाराची किंमत समजा.

त्याच १८७० साली आणखी एक गोष्ट घडली. 'ग्रेट ईस्टर्न' नावाच्या अवाढव्य जहाजानं मुंबईहून एडनकडे समुद्रतळावर तार टाकली आणि जूनपर्यंत मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली. त्याआधी १८६५ पासून कराची, इराणचं आखात आणि तुर्कस्तानातून एक वाट होती. ती रडतखडत चालायची, संदेशाला कधी कधी दिवसच्या दिवस लागत. सीमेन्स बंधूंनी तेहरानवरून जाणारी दुसरी वाट उभी केली, तीही १८७० मध्येच सुरू झाली. म्हणजे एका वर्षात मुंबईच्या व्यापाऱ्याच्या हातात तीन वाटा आल्या: तुर्कस्तानची, तेहरानची आणि समुद्राची. तारेच्या फॉर्मवर कोणत्या वाटेनं जावं ते पाठवणारा लिहीत असे. दर निराळे, भरवसा निराळा. म्हणजे आपल्या संगणकात वायफायच्या नावांची जी यादी दिसते ना, तिची ही पणजी. निवड मात्र माणूस करायचा. वाट तुटली हेही माणसालाच कळायचं. तारबाबू सुईकडे बघायचा, सुई हलली नाही की प्रवाह नाही. तार तुटली आहे की कुठं जमिनीला लागली आहे, हे मोजण्याची साधनं त्याच्याकडे होती. आणि दोन्ही टोकांना माणूस बसलेला होता, ही सगळ्यांत मोठी सोय.

दुसरं उदाहरण आपल्या स्टेशनचं. अकोला–पूर्णा हा मार्ग २००८ मध्ये रुंद झाला, त्याआधी तो मीटरगेज होता. बार्शीटाकळीच्या जुन्या मंडळींना ती छोटी गाडी आठवत असेल. अशा एकेरी मार्गांवर गाडी सोडायची रीत बघा. पुढचं स्टेशन 'लाइन क्लिअर' देत नाही तोवर इकडची गाडी हलत नाही. कित्येक मार्गांवर त्यासाठी लोखंडी गोळ्याचं यंत्र असे. दोन्ही स्टेशनांनी मिळून यंत्र चालवलं तरच एका बाजूनं गोळा बाहेर पडायचा, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नसे. तो गोळा चामडी पिशवीतून ड्रायव्हरच्या हातात गेला की मगच शिटी.

यातला विचार फार खोल आहे. रेल्वे मौनाचा अर्थ 'धोका' असा लावते. उत्तर आलं नाही म्हणजे वाट अडलेली समजायची आणि थांबायचं. रस्ता मोकळा आहे याचा होकार मिळाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. याउलट संगणकाचं जाळं मौनाचा अर्थ 'वाट मेली' असा लावतं आणि दुसरीकडे वळतं. मौन तेच, अर्थ निराळे. कारण रेल्वेत चुकलं तर माणसं मरतात आणि जाळ्यात चुकलं तर संदेश पुन्हा पाठवता येतो.

इथं मला माझ्या विषयाकडे यावं लागतं, आणि थोडा वेळ सहन करा.

जमिनीवर घडा नाही. हे 'नाही' मला दिसतं का? जमीन दिसते, घडा दिसत नाही, पण घड्याचा अभाव दिसतो असं म्हणता येईल का? नैयायिक म्हणतात, हो. अभाव हाही पदार्थ आहे आणि विशिष्ट संबंधानं त्याचं प्रत्यक्ष होतं. कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक म्हणतात, नाही. इंद्रियांचा संबंध असलेल्याशी येतो, नसलेल्याशी कसा येईल? म्हणून त्यांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं, आणि अद्वैत वेदान्त्यांनीही ते उचललं. प्राभाकरांना हे मान्य नव्हतं. बौद्धांमध्ये धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला अनुमानातला हेतू म्हणून जागा दिली. भांडण लांबलचक आहे. पण एका अटीवर बहुतेकांचं एकमत: न दिसणं पुरेसं नाही, ते योग्य न दिसणं हवं. उजेड आहे, डोळे नीट आहेत, घडा असता तर दिसलाच असता, आणि तरी दिसत नाही. तेव्हाच 'घडा नाही' हे ज्ञान. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही. भूत दिसलं नाही, यावरूनही काही ठरत नाही.

ही योग्यतेची अट जाळ्यांच्या अभियंत्यांनी आपल्या वाटेनं पुन्हा शोधून काढली. त्यांनी मीमांसा वाचली होती असा माझा मुळीच दावा नाही. आपल्याकडे असले दावे करायची एक सवय आहे, ती बरी नव्हे. अडचण तीच होती, म्हणून वाटही जवळची निघाली.

१९६४ मध्ये पॉल बॅरन यांनी अमेरिकेतल्या रँड संस्थेसाठी विखुरलेल्या संदेशजाळ्यांवर ग्रंथमालाच लिहिली. अणुयुद्धात मधली केंद्रं उडाली तरी संदेश पोहोचला पाहिजे, हा प्रश्न. त्यांचं उत्तर: मधलं केंद्रच ठेवू नका. प्रत्येक गाठीला किमान गरजेपेक्षा तीन-चार पट वाटा द्या, संदेशाचे तुकडे करा, आणि कोणती वाट चांगली हे प्रत्येक गाठीला स्वतः ठरवू द्या. १९६९ मध्ये चार ठिकाणं जोडून आर्पानेट सुरू झालं. त्यातली यंत्रं शेजाऱ्याला ठरावीक वेळानं 'हॅलो' म्हणायची आणि शेजारी 'तुझं ऐकलं' असं उत्तर द्यायचा. काही हॅलोंना उत्तर आलं नाही की ती तार मृत धरायची. किती साधं! मी विचारलं, उत्तर यायलाच हवं होतं, आलं नाही. ही योग्य अनुपलब्धी झाली. आजही मोठ्या जाळ्यांत वापरल्या जाणाऱ्या एका रीतीत सर्वसाधारणपणे दर १० सेकंदांनी हॅलो जातो आणि ४० सेकंद काहीच ऐकू आलं नाही की शेजारी गेला असं मानतात. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी 'पिंग' हा छोटा प्रोग्रॅम लिहिला, तोही हेच करतो: हाक मारतो आणि प्रतिसादाची वाट बघतो. नाव पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून.

पण ४० सेकंदच का? ३९ का नाही? याला उत्तर नाही, आणि नाही हे सिद्ध झालेलं आहे. १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटर्सन या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या मुळाशी असलेली अडचण साध्या भाषेत सांगतो. ज्या व्यवस्थेत संदेशाला किती वेळ लागेल याची काहीही मर्यादा ठरलेली नाही, तिथं पलीकडचा मेला आहे की नुसता सावकाश आहे, हे निश्चितपणे सांगता येत नाही. म्हणून आपण घड्याळ लावतो आणि म्हणतो, इतक्या वेळात आलं नाही तर नाही. ते ज्ञान नाही, तो ठराव आहे. आपल्याकडे मंद लिंक आणि मेलेली लिंक यांच्यातला फरक ओळखण्यात लोकांचे दुपारचे चार चार तास गेलेले आहेत, त्यांना हे सिद्धान्त न वाचता कळतं.

आता आपल्या टेबलावरच्या संगणकाकडे येऊ. विंडोजमध्ये २००७ च्या व्हिस्टापासून एक परीक्षा बसवलेली आहे. संगणक जाळ्याला जोडला की तो मायक्रोसॉफ्टच्या एका पत्त्यावरून एक छोटीशी फाइल मागवतो. तिच्यात ठरलेले मोजके शब्द. ते जसेच्या तसे आले तर इंटरनेट आहे. काहीच आलं नाही तर इंटरनेट नाही. आणि वेगळंच काही आलं तर? ही खरी गंमत. हॉटेलात किंवा स्टेशनवर वायफाय जोडलं की आधी लॉगिनचं पान येतं. म्हणजे उत्तर आलं, पण ज्याला विचारलं त्याचं नाही, मध्येच कोणीतरी दिलं. म्हणून उत्तर आलं एवढ्यावर भागत नाही, उत्तरातला मजकूर तपासावा लागतो. अँड्रॉइड फोन असंच गूगलच्या पत्त्यावर विचारतो आणि मुद्दाम रिकामं उत्तर मागतो. काही भरलेलं आलं की समजायचं, वाटेत कोणी बसलंय.

परीक्षाही चुकते. २०२० मध्ये विंडोज १० च्या अनेक संगणकांवर 'इंटरनेट नाही' अशी खूण यायची आणि इंटरनेट मात्र व्यवस्थित चालू असायचं. डोळ्यांत दोष असेल तर घडा असूनही दिसत नाही, तसं. म्हणून शहाणा माणूस एकाला विचारून थांबत नाही, दोन वेगवेगळ्या ठिकाणी विचारतो.

बरं, विंडोजला कळलं की इंटरनेट नाही. मग ते दुसऱ्या वायफायवर का जात नाही? कारण त्यानं हे ज्ञान मुख्यतः खूण दाखवण्यासाठी मिळवलेलं असतं, कृतीसाठी नाही. त्याची वायफायची निवड सिग्नल आणि तुमच्या जुन्या पसंतीवर चालते. ज्ञान झालं पण प्रवृत्ती झाली नाही, असं शास्त्रात म्हणतात. फोन या बाबतीत पुढे गेले, वायफाय निकामी असेल तर मोबाइल डेटाकडे वळण्याची सोय त्यांच्यात आली. संगणकावर हे करायचं तर एक छोटा प्रोग्रॅम लावून द्यावा लागतो. तो ठरावीक वेळानं आधी स्वतःच्या डब्याला पिंग करतो, मग बाहेरच्या दोन ठिकाणांना. डबाच बोलत नसेल तर दोष वायफायचा. डबा बोलतो पण बाहेरचं कोणी बोलत नाही, तर दोष लाइनचा. लागोपाठ तीनदा असं झालं की दुसऱ्या नेटवर्कला जोडायची आज्ञा. महाविद्यालयात शिकणारा मुलगा हे एका संध्याकाळी करून देईल.

'लागोपाठ तीनदा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एका चुकलेल्या उत्तरावर वाट बदलली तर संगणक दिवसभर इकडून तिकडे उड्या मारत राहील. मराठीत याला 'धरसोड' हा नेमका शब्द आहे. मोठ्या जाळ्यांत या धरसोडीनं इतका त्रास झाला की वारंवार हेलकावे खाणाऱ्या वाटेला काही काळ शिक्षा म्हणून बाजूला ठेवायची रीत १९९८ मध्ये लिहून काढावी लागली. जाण्याची घाई थोडी चालेल, परतण्याची घाई करू नये.

आणि परतायचं कसं, हा निराळाच पेच. संगणकात वायफायचं एकच कार्ड असेल तर तो एका वेळी सहसा एकाच डब्याशी बोलतो. मोबाइलवर गेला की फायबरची लाइन परत आली का, हे त्याला कळायची सोयच नाही. योग्यताच संपली, तो आता दुसऱ्या खोलीत आहे. एक तर अधूनमधून मोडता घालून तिकडे डोकावायचं, नाहीतर दुसरं कार्ड लावायचं. त्यापेक्षा दोन लाइनी घेणारा राउटर बरा. तो दोन्ही वाटांवर सतत हॅलो करत राहतो आणि खोलीतल्या सगळ्या संगणकांचं एकदम भागवतो.

तरीही भरत आलेला अर्ज पहिल्यापासून भरावा लागू शकतो. का? इंटरनेटवरचा पत्ता एकाच वेळी दोन कामं करतो: तुम्ही कोण आणि तुम्ही कुठं. नाव आणि गाव एकच. वाट बदलली की गाव बदलतं, म्हणून नावही बदलतं. चालू असलेलं संभाषण तुटतं, आणि बँकेचं किंवा सरकारी संकेतस्थळ कधी कधी म्हणतं, हा कोणी दुसराच माणूस दिसतो, बाहेर काढा. ही गाठ सोडवण्याचे प्रयत्न झाले. २०१३ मध्ये एका संभाषणासाठी अनेक वाटा एकदम वापरण्याची रीत प्रमाणित झाली आणि त्याच वर्षी ॲपलनं ती आयफोनमधल्या सिरीसाठी वापरली. २०२१ मध्ये 'क्विक' नावाची नवी रीत आली. तिच्यात संभाषणाला पत्त्यापेक्षा वेगळी ओळख असते, त्यामुळे वायफायवरून मोबाइलवर गेलात तरी बोलणं पुढं चालू राहू शकतं. अट एकच, पलीकडचं संकेतस्थळही ते बोलणारं हवं.

एवढं सगळं केलं आणि तरी दोन्ही वाटा एकदम गेल्या, तर? ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन मोठ्या केबल तुटल्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. दोन कंपन्या, दोन नावं, दोन बिलं, पण समुद्रतळ एकच. भारताची सुमारे निम्मी क्षमता गेली. उरलेली वाहतूक चेन्नई, सिंगापूर अशी पूर्वेकडून, जगाला उलटा वळसा घालून वळवली गेली. पूर्वेची वाट होती म्हणून निभावलं. दोन वाटा असणं आणि दोन स्वतंत्र वाटा असणं यात फरक आहे. आपल्याकडे दोन कंपन्यांची सिमं घेऊन माणूस निर्धास्त होतो, आणि दोघींची यंत्रं अनेकदा एकाच टॉवरवर असतात. त्या टॉवरची वीज गेली आणि बॅटरी उतरली की दोघी एकदम मुक्या. तुमचा फायबरचा डबा आणि हॉटस्पॉटचा फोन एकाच बोर्डात लावलेला असेल, तर त्यांचंही तेच. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगलीनंतर हुकमानं इंटरनेट बंद झालं, तेव्हाची गोष्ट तर तिसरीच. जी वाट तुटलेली नाही, बंद केलेली आहे, तिच्यावर कोणताही प्रोग्रॅम चालत नाही.

शेवटी पैशाचं. २०१५ मध्ये ॲपलनं आयफोनला वायफाय कच्चं असलं की आपणहून मोबाइल डेटाकडे वळायला शिकवलं. सोय म्हणूनच. काही आठवड्यांत कॅलिफोर्नियात दावा दाखल झाला: आम्हाला न सांगता आमचा डेटा खर्च झाला. यंत्राला वाट निवडायचा अधिकार दिला की त्या वाटेचं भाडं देणाराही ठरवावा लागतो. आपल्या मोबाइलवर दिवसाचा दीड-दोन जीबी असतो, आणि संगणकानं त्या वाटेवर जाऊन गुपचूप अपडेट उतरवायला घेतली तर दुपारपर्यंत तो संपतो. विंडोजमध्ये एखादं नेटवर्क 'मीटर्ड' आहे अशी खूण करता येते. वायफायच्या नावावर जाऊन हॉटस्पॉटला ती खूण करून ठेवा, म्हणजे बहुतेक मोठ्या अपडेट फायबर परत येईपर्यंत थांबतात. आणि हे ३१ जुलैच्या आधी करा.